अतिमानव आणि त्याचे जिवलग

पराक्रमी पुरुषाची पारख रणांगणावर होते असें जग समजतें. परंतु त्याची खरी पारख घराच्या उंबरठ्याच्या आंत होत असते. शत्रूपुढें तो कसा उभा राहिला हें भाट सांगतात. जीं माणसें त्याच्यावर विसंबून राहिलीं त्यांच्याशीं तो कसा वागला, हें मात्र त्या माणसांनाच विचारावें लागतें. अमेरिकेंतील जुन्या चित्रकथांतल्या अतिमानवांना ही दुसरी कसोटी लावली, तर मोठा विलक्षण निकाल हातीं येतो.

या अतिमानवांचा मूळ पुरुष सुपरमॅन. जेरी सीगल हा लेखक व जो शूस्टर हा चित्रकार, या दोघां तरुणांनीं निर्मिलेला हा वीर १९३८ सालीं ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकांत प्रगट झाला. तो परग्रहावरचा, पृथ्वीवर क्लार्क केंट या नांवानें वृत्तपत्राचा बातमीदार होऊन राहतो आणि संकट येतांच चष्मा व कोट उतरवून आकाशांत झेप घेतो. त्याच पहिल्या अंकांत लोइस लेन ही त्याची सहकारी आहे. पुढें तिचें मन सुपरमॅनवर जडतें. भित्र्या क्लार्कची मात्र तिला कींव येते. दोघे एकच आहेत हें ठाऊक असलेला पुरुष तिच्या शेजारींच बसतो आणि मूग गिळून राहतो.

१९५८ पासून १९७४ पर्यंत लोइसच्या नांवाचें एक स्वतंत्र नियतकालिकच निघत असे. त्यांतील किती तरी कथांचा सांगाडा एकच आहे. चतुर बातमीदार असल्यामुळें लोइसला संशय येतो. ती पुरावा जमविते. आणि सुपरमॅन कांहीं तरी युक्ति लढवून तिलाच वेड्यांत काढतो. तिचा तर्क खरा असतो, तरी हसें तिचेंच होतें. अखेरच्या चित्रांत क्लार्क पुष्कळदां वाचकाकडे पाहून डोळा मिचकावतो. हें डोळा मिचकावणें साधें नव्हे. पानापलीकडच्या लहान मुलाला तो आपल्या कपटांत वांटेकरी करून घेतो, आणि खरें बोलणारी एकटी पडते.

जिमी ओल्सन हा तरुण छायाचित्रकार सुपरमॅनचा दोस्त. १९५८ सालच्या एका कथेंत सुपरमॅन त्याला पुत्र म्हणून दत्तक घेतो. इतक्यांत एक गणकयंत्र भाकीत करितें कीं, सुपरमॅन आपल्या पुत्राचा नाश करील. आतां पोराला विश्वासांत घेऊन ही गोष्ट सांगावी कीं नाहीं? परंतु हा पिता त्याचा छळ आरंभितो, हेतु हा कीं त्यानेंच कंटाळून नातें तोडावें. पितृदिनानिमित्त पोरानें आणलेली भेट बाप आपल्या दृष्टीच्या आगीनें जाळीत आहे, असें त्या अंकाचें मुखपृष्ठ आहे. शेवटीं कळतें कीं भाकीत पुत्राचें नव्हतेंच. इंग्रजींत ‘पुत्र’ आणि ‘सूर्य’ यांचे शब्द उच्चारानें सारखे, आणि यंत्राला म्हणावयाचें होतें सूर्य! गैरसमज फिटतो, पण पोरानें भोगलेल्या दुःखाचा हिशेब कोणीच मागत नाहीं.

त्याहून करुण गोष्ट सुपरगर्लची. मे १९५९ च्या अंकांत ही त्याची चुलत बहीण आईबापांना अंतरून पृथ्वीवर येते. उभ्या विश्वांत तिला हा एकच आप्त. तो तिला घरीं नेत नाहीं. लिंडा ली असें नांव देऊन अनाथालयांत ठेवतो आणि तुझें सामर्थ्य जगापासून लपव अशी आज्ञा करितो. एकदां नियम मोडल्याच्या सबबीखालीं तो तिला वर्षभराच्या शिक्षेवर एका लघुग्रहावर धाडतो. मागाहून उलगडा होतो कीं ती परीक्षा होती. जगासमोर तिची ओळख त्यानें करून दिली ती १९६२ सालीं.

याला समर्थन नेहमीं एकच: रहस्य फुटलें तर शत्रु माझ्या जिवलगांवर सूड घेतील. समर्थन ऐकावयास गोड आहे, पण तें टिकत नाहीं. लोइस ही सुपरमॅनची मैत्रीण हें नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरच छापलेलें! जिमी त्याचा दोस्त, हें १९५४ पासून त्याच्याही नियतकालिकाचें नांव. दुष्टांना दोघांचा पत्ता ठाऊकच असतो आणि ते दर कथेंत त्यांना पळवीतही असतात. तेव्हां रहस्यानें त्यांचें रक्षण मुळींच झालें नाहीं. रक्षण झालें तें एकाच गोष्टीचें: कोणालाही जाब न देण्याच्या त्याच्या सोयीचें.

यांत खरा कर्ता धंदा होता हेंही सांगितलें पाहिजे. दहा सेंटांचा अंक मुलांनीं विकत घ्यावा म्हणून मुखपृष्ठावर नवल हवें. आणि प्रेमळ वीर निर्दयपणें वागत आहे याहून मोठें नवल कोणतें? शिवाय प्रत्येक कथा जेथून निघाली तेथेंच परत येऊन थांबली पाहिजे, नाहीं तर पुढचा अंक कसा निघणार? लग्न झालें कीं मालिका संपली, अशी भीति. इंद्रजाल कॉमिक्समुळें मराठी मुलांच्या ओळखीचा झालेला वेताळ १९३६ सालचा. त्यानें डायानाशीं विवाह केला १९७७ सालीं. एकेचाळीस वर्षें ती वाट पाहत होती.

येथें महाभारतांतील नलाख्यान आठवल्यावांचून राहत नाहीं. द्यूतांत सर्वस्व गमावलेला नल दमयंतीला अरण्यांत निजलेली टाकून जातो. विदर्भाची वाट दाखविली आहे, ती माहेरीं सुखरूप राहील, अशी त्याचीही समजूत. तोही पुढें बाहुक या नांवानें वेष पालटून राहतो. परंतु व्यास दमयंतीचा विलाप आपल्याला ऐकवितात. ती बाहुकाची परीक्षा घेते, ओळख पटविते आणि विचारते कीं, निरपराध पत्नीला रानांत टाकणें हा कोणता धर्म? नलाला उत्तर द्यावें लागतें. दमयंतीचा तर्क खरा ठरतो; लोइसचा तर्क खरा असून खोटा पाडला जातो. सारा फरक इतकाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

त्या लेखकांच्या वारसदारांनीं मात्र अखेर हें ऋण फेडलें. १९९१ सालच्या एका अंकांत क्लार्कनें आपण होऊन लोइसला सत्य सांगितलें. १९९६ सालीं त्यांचा विवाह झाला. आणि मालिका बंद पडली नाहीं. लोइस त्याची सहचारिणी झाली, त्याच्या संकटांतली सल्लागार झाली, आणि शत्रु पूर्वीं होते तितकेच राहिले.

आपल्या घरींही असे लहानमोठे सुपरमॅन असतात. कर्ज लपविणारा बाप, दुखणें लपविणारी आई, ‘तुझ्या हितासाठींच’ असें म्हणून खोटें बोलणारा वडील भाऊ. प्रेम असतें यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्यावर प्रेम आहे त्याला सत्य पेलण्याइतका मोठा न मानणें, हा त्या प्रेमाचाच अपमान होय. पर्वत उचलणाऱ्या बाहूंना जें पन्नास वर्षें उचललें नाहीं, तें एक साधें खरें वाक्य होतें.