सुट्टीतलं मूल कोणाच्या हवाली?

गुजरातच्या शाळांना उन्हाळ्यात ३५ दिवस सुट्टी असते आणि दिवाळीत २१ दिवस. सुरतेजवळच्या इच्छापोरला हिऱ्याच्या कारखान्यात हिरे घासायच्या घंटीवर बसणाऱ्या किंवा हजिऱ्याच्या एखाद्या कंपनीत कंत्राटावर राबणाऱ्या बापाला या ५६ दिवसांतली किती रजा मिळते, ते तुम्हीच मला सांगायचं. शाळा नीट शिकवते की नाही, यावर आपण तावातावाने बोलतो. पण रोज पाच-सहा तास हजेरी घेऊन, कुंपणाच्या आत, ती आपलं मूल सांभाळते, हे मात्र कुणी हिशेबात धरत नाही. सुट्टी लागली की हे काम कोणाकडे जातं? बऱ्याच घरांत ते नऊ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे जातं. तिलाही सुट्टीच असते, हे आपण विसरतो.

आणि घरी मोठं कुणीच नसलं तर? अमरेली जिल्ह्यातलं रांढिया गाव. २ नोव्हेंबर २०२४, दिवाळीचे दिवस. मध्य प्रदेशातून शेतमजुरीला आलेलं एक जोडपं कामावर गेलं. मागे राहिलेली त्यांची चार मुलं, दोन ते सात वर्षांची, जवळच उभ्या असलेल्या मालकाच्या मोटारीत खेळायला शिरली. दारं बंद झाली, आतून उघडेनात. संध्याकाळी चौघंही गुदमरून मेलेली सापडली. आईबापांनी काय करायला हवं होतं, असं विचारणं फार सोपं आहे. मजुरी बुडवून घरी बसणं त्यांना परवडणार होतं का? त्यापेक्षा गाडीवाल्यांनी स्वतःला विचारावं. आपल्याच दारात उभी असली तरी गाडीला कुलूप हवं आणि किल्ली पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी हवी. आणि मुलांना एक गोष्ट आजच दाखवून ठेवा: आत अडकलं तर हॉर्न दाबत राहायचं. बहुतेक गाड्यांचा हॉर्न इंजिन बंद असतानाही वाजतो.

आता तुमच्यातल्या, म्हणजे इथल्या मराठी मंडळींतल्या, बहुतेकांची सुट्टी. इच्छापोरवरून हजिऱ्याला जाणारा हा हमरस्ता उलट्या दिशेने धरला, तर तो बारडोली, व्यारा, नवापूर करत धुळ्या-जळगावला पोचतो. मे महिन्यात उधन्याहून भुसावळकडे निघणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. पोरं मामाच्या गावाला जातात, आणि मला खरी काळजी तिथली वाटते. गावातल्या पोरांना विहिरीची खोली ठाऊक असते, निदान धाक तरी असतो. सुरतेत चाळीत वाढलेल्या पोराला पाणी म्हणजे नळ आणि पिंप. त्यात आता शेततळी आली आहेत. शेततळं वरून उथळ, निरुपद्रवी दिसतं. पण आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं आणि उतारावरून एकदा घसरलं की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. म्हणूनच एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. मामाला आजच फोन करा. तळ्याभोवती कुंपण आणि काठाच्या खुंटीला बांधून आत सोडलेला गाठींचा दोर, एवढं झालं तरी पुष्कळ आहे. सुवाळी किंवा डुमसच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांनीही सावध राहावं. भरतीची वेळ विचारल्याशिवाय पोरांना पाण्यात सोडू नका.

सहलीला दहा मोठी माणसं असतात, आणि पोर नेमकं तिथेच हरवतं किंवा बुडतं. कारण प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. म्हणून नाव घेऊन सांगावं: आता अर्धा तास काका बघतील, त्यांच्या हातात मोबाइल नसेल, नंतर मावशी. हे जरा लष्करी वाटेल. वाटू द्या.

ज्यांना गाव नाही, ते शिबिरं आणि शिकवण्या शोधतात. २४ मे २०१९ रोजी आपल्याच सुरतेत, सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीत आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. वर अडकलेल्या मुलांना उतरायला धड वाट उरली नाही. काहींनी खाली उड्या टाकल्या. पाच वर्षांनी, २५ मे २०२४ला, राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागली, त्यात २७ माणसं गेली. त्यांत मुलंही होती. दोन्ही दुर्घटना उन्हाळी सुट्टीतल्या. फी भरण्याआधी एवढंच बघा, दुसरा जिना कुठे आहे? तो कुलूपबंद असेल, किंवा त्यावर खोकी रचलेली असतील, तर पैसे परत खिशात घाला.

एक अवघड विषय, पण टाळणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण सरकारी आकडेवारीत वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर राहिलं आहे. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढ्यावर थांबलेली शिकवण म्हणूनच अपुरी आहे. मुलाला एखाद्या नातेवाइकाच्या मांडीवर बसायचं नसेल, तर बळजबरी करू नका. आणि पोक्सो कायद्याने असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शेजाऱ्यावरसुद्धा. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक दारामागे लिहून ठेवा.

आता मालकांकडे वळतो. १९४८च्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर सक्तीचं होतं. इथे घंटीवर बसणारे रत्नकलाकार बहुतेक पुरुष, म्हणजे पाळणाघराचा प्रश्नच मिटला! जणू बापाला मूल नसतंच. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत पन्नासहून अधिक कामगार, स्त्री असोत वा पुरुष, हा निकष आला आहे आणि अनेक कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवायची मुभाही आहे. इच्छापोरसारख्या औद्योगिक वसाहतीला ती नेमकी सोयीची आहे. पण वयाची अट सहा वर्षांच्या आतली. सहाच्या पुढचं मूल शाळेचं, असं कायदा धरून चालतो. शाळा बंद असते तेव्हा ते कोणाचं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

उत्तर मात्र आपल्या जवळच सापडतं. वापी, उंबरगाव ओलांडलं की घोलवड स्टेशन, त्याला लागून बोर्डी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली तिथे बालवाडी काढली; अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे १९५७मध्ये दोघी कोसबाडला गेल्या. धाकट्याला सांभाळायचं म्हणून थोरली शाळेत येत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि तिथल्या विकासवाडी या केंद्रात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. डोंगरातल्या आदिवासी पाड्यांत, तुटपुंज्या पैशांत हे झालं. जगभर हिरे धाडणाऱ्या इच्छापोरला ते अशक्य आहे, असं मला कुणी सांगू नये.

म्हणून कारखानदारांना आणि इथल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे: मे महिना उजाडण्याआधी एक सभागृह, दोन पगारी ताया आणि दुपारचं जेवण, एवढी सोय ३५ दिवसांसाठी करा, आणि त्यात सहा ते बारा वर्षांची मुलं घ्या.