माकडताप आणि काजूचा हंगाम

दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरउतारांवर आणि सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरीत फेब्रुवारी लागला की काजूची बोंडे पिकू लागतात. मग मे संपेपर्यंत बागेतल्या माणसांना उसंत नसते. पिकलेले बोंड आपणहून गळते, ते पातेऱ्यातून वेचून घ्यावे लागते. बायामाणसे, म्हातारीकोतारी सकाळपासून कमरेत वाकून, अनवाणी किंवा साध्या चपलांनी तो पातेरा धुंडाळत असतात. नेमक्या याच महिन्यांत त्याच पातेऱ्यात एक गोचीड रक्ताची वाट पाहत बसलेला असतो. तो पूर्ण वाढीचा नसतो, अजून पिल्लाच्या अवस्थेत असतो. खसखशीच्या दाण्याएवढा. पायावर चढला तरी कळत नाही, चावला तरी बहुतेकांना कळत नाही. त्याच्या अंगात कधी कधी जो विषाणू असतो, त्याने होणाऱ्या आजाराचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कोकणात आणि गोव्यात त्याला माकडताप म्हणतात.

आजाराचा शोध लागला १९५७ साली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाचे जंगल आहे. त्याच्या आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणू लागली. आधी वाटले, विषमज्वर असेल. पण गावकऱ्यांकडून आणखी एक बातमी येत होती, की रानात माकडे मरून पडताहेत. या बातमीने डॉक्टरांची झोप उडाली. दक्षिण अमेरिकेत रानातली माकडे पटापट मरू लागली की पीतज्वर आला असे समजतात. पीतज्वर भारतात कधीच आलेला नव्हता, पण तो पसरवणारा एडिस डास इथे गल्लोगल्ली होता आणि लोकांच्या अंगात त्याविरुद्ध कसलीच प्रतिकारशक्ती नव्हती. आला असता तर हाहाकार उडाला असता.

पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच. केंद्राचे संचालक डॉ. टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी शिमोग्याला पोहोचले. मेलेली माकडे, आजारी माणसे आणि रानातले गोचीड या तिघांमध्येही त्यांना एकच विषाणू सापडला. तो पीतज्वराचा नव्हता. जगाला तोवर ठाऊक नसलेला तो नवा विषाणू होता आणि त्याचे जवळचे भाऊबंद होते थेट रशियाच्या जंगलांत, तिथेही गोचिडांतूनच पसरणारे. पुढे या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या माणसांनाही हा ताप झाला. ज्ञानाची ही किंमत त्यांनी स्वतःच्या अंगावर मोजली, हे पुण्याने विसरू नये.

रशियातला भाऊबंद इथे कसा आला? थंडीत उत्तरेकडून लाखो पक्षी भारतात येतात. त्यांच्या पिसांत लपून गोचीड आले असतील का, असा प्रश्न निघाला. त्याचे उत्तर शोधायला मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पुढे आली. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थलांतरित पक्षी पकडून, त्यांच्या पायांत कड्या अडकवून सोडण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. मात्र भारतातले पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात, याची आपल्याकडची बरीचशी माहिती एका तापाच्या शोधातून मिळाली. विषाणू मात्र इथल्याच जंगलाचा जुना रहिवासी असावा, असे आता मानले जाते.

मग तो १९५७ च्या सुमाराला अचानक माणसांच्या वाटेत का आला?

त्याचे उत्तर गोचिडाच्या आयुष्यात आहे. या विषाणूचा मुख्य वाहक म्हणजे हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा जातीचा गोचीड. पावसाळ्यात पूर्ण वाढलेला गोचीड मोठ्या जनावराच्या अंगावर चढतो, रक्त पितो आणि मादी खाली पडून जमिनीवर अंडी घालते. पाऊस सरला की अंड्यांतून बाहेर आलेल्या अळ्या उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडे अशांचे रक्त पितात. त्यांतल्या एखाद्याच्या रक्तात विषाणू असला तर तो अळीत शिरतो आणि कात टाकून पुढच्या अवस्थेत गेल्यावरही तिच्या शरीरात टिकतो. या पुढच्या अवस्थेतली पिल्ले डिसेंबरपासून मेपर्यंत रानात पसरलेली असतात आणि माणसाला चावतात ती हीच. या सगळ्या साखळीत माणसाची गरज कुठेच नाही. विषाणूच्या दृष्टीने माणूस हा वाट चुकून आलेला पाहुणा. त्याच्याकडून विषाणू पुढे जात नाही, घरातल्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला माकडताप होत नाही. म्हणून रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही.

गाईगुरांना या विषाणूने आजार होत नाही, पण पूर्ण वाढलेल्या गोचिडांना त्यांच्यासारखे पोटभर जेवण दुसरीकडे मिळत नाही. जंगल तोडून शेत काढले, कडेला टणटणीचे रान माजले आणि त्यात गुरे चरू लागली की गोचिडांची संख्या झपाट्याने वाढते. साठच्या दशकात हे ठामपणे मांडणारा माणूस होता डॉ. होर्हे बोशेल, मूळचा कोलंबियाचा. आपल्या देशात असताना त्याने एक विलक्षण दृश्य पाहिले होते. लाकूडतोड्यांनी उंच झाड पाडले, की एरवी शेंड्यावर राहणारे निळे डास त्यांच्याभोवती घोंघावू लागत, आणि रानातला पीतज्वर त्यांच्यापर्यंत पोहोचे. शिमोग्याच्या रानात त्याने तीच गोष्ट वेगळ्या रूपात ओळखली. झाडावर कुऱ्हाड चालते आणि विषाणू खाली उतरतो.

याचा सर्वांत जिव्हारी लागणारा पुरावा दक्षिण कन्नड जिल्ह्यात मिळाला. बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल सपाट केले गेले, आणि त्यानंतर १९८३-८४ मध्ये तिथे माकडतापाची जी साथ उसळली तिच्यात सुमारे दीडशे माणसे दगावली.

बराच काळ हा आजार शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपुरता मानला जाई. गेल्या काही वर्षांत तो समज मोडला. २०१२ मध्ये बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात मेलेली माकडे हाताळणारे कर्मचारी आजारी पडले. पाठोपाठ केरळातले वायनाड आणि तमिळनाडूतली निलगिरी. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात माकडताप निघाला आणि २०१६ च्या जानेवारीत सीमा ओलांडून दोडामार्ग तालुक्यात. केर आणि आसपासच्या गावांतल्या शंभराहून अधिक रुग्णांचे निदान त्या हंगामात प्रयोगशाळेत पक्के झाले. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याची पाळी आली. २०१६ मध्येच बेळगाव जिल्ह्यातले काही मजूर आजारी पडले. ते काजूच्या कामासाठी गोव्याच्या सीमेवरच्या बागांत आलेले होते. गावी परतल्यावर ताप चढला. तिथल्या डॉक्टरांना रोग्याने आपण कुठे कामाला होतो हे सांगितले नसते, तर त्या तापाला नाव मिळाले नसते.

विषाणू खरोखरच सरकत उत्तरेकडे आला, की तो आधीपासून होता आणि आपण पाहायला उशिरा शिकलो? बहुधा दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या आहेत. कच्छ आणि सौराष्ट्रातल्या लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये अनेक दशकांपूर्वीच आढळली होती, तिथे आजाराची साथ कुणी पाहिली नसतानाही. पश्चिम घाटाच्या कोणत्याही तालुक्याने आपण सुरक्षित आहोत असे समजू नये.

ताप येतो तो अचानक. गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत थंडी वाजून ताप चढतो, डोके फुटेल असे दुखते, अंग मोडून येते, डोळे लाल होतात. काहींना उलट्या-जुलाब, काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात. पुष्कळ जण आठ-दहा दिवसांत बरे होतात, पण काहींना बरे वाटल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ताप उलटतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम होतो, हात कापतात, भान हरपते. शंभरांतले तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर नेमके औषध नाही. शरीरातले पाणी टिकवणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, ताप पॅरासिटॅमॉलने उतरवणे, एवढेच हाती असते. अॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. ताप आला की दुकानातून गोळी आणून पुन्हा बागेत जायचे, ही हंगामातली सवय इथे जिवावर बेतते.

लस होती. कर्नाटकात १९९० पासून ती दिली जात होती. पुढे गोवा आणि सिंधुदुर्गातही दिली गेली. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा, मग दरवर्षी एक. शिमोग्यात २००५ ते २०१० या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन डोसांचा उपयोग ६२ टक्के आणि पुढचा डोस घेतलेल्यांत ८३ टक्के आढळला. पण इंजेक्शनची जागा फार दुखे, आणि रोजावर जगणारा मजूर पुन:पुन्हा रांगेत उभा कसा राहणार? पुढे लशीची ताकदही उणी पडू लागली आणि २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्या लशीचे काम हाती घेतले आहे. ज्या आजाराचा विषाणू सत्तर वर्षांपूर्वी भारतीयांनीच शोधायला हातभार लावला, त्याच्या लशीची जागा रिकामी राहावी, ही गोष्ट खेदाची आहे. माकडताप शहरात होत नाही, विमानाने फिरणाऱ्यांना होत नाही. तो होतो बोंडे वेचणाऱ्यांना, लाकूडफाटा आणणाऱ्यांना, गुराख्यांना आणि वनखात्याच्या रखवालदारांना. मुंबई-पुण्यात पसरणारा आजार असता तर इतकी वर्षे लागली नसती.

लस येईपर्यंत बचाव आहे तो रोजच्या कामाच्या रीतीत. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत आणि उघड्या हातापायांना डेपा तेल लावावे. गोचिडांना दूर ठेवणारे हे औषध ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले. घामाने ते निघून जाते, म्हणून दुपारी पुन्हा लावावे लागते. घरी आल्यावर कपडे कढत पाण्यात भिजत घालावेत आणि साबणाने अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागची खाच नीट पाहावी. रानातला पातेरा आणून गोठ्यात अंथरण्याची कोकणातली पद्धत जुनी आहे, पण ज्या भागात माकडे मरताहेत तिथला पातेरा हंगामात घरी आणू नये.

राहिली मेलेल्या माकडाची गोष्ट. माणसाआधी माकडच आजारी पडते, वानरही आणि लाल तोंडाचे माकडही. ते मेले आणि अंग थंड पडू लागले की त्याच्यावरचे गोचीड उतरून आसपासच्या जमिनीवर पसरतात, आणि ती जागा कित्येक आठवडे धोक्याची राहते. आरोग्य खात्याचे लोक मृत माकडाभोवतीच्या जमिनीवर पन्नास फुटांपर्यंत मॅलेथिऑनची भुकटी टाकतात ती यासाठीच. मात्र बातमी वेळेवर पोहोचली तरच ते जमते. अनेक गावांत वानराला मारुतीचे रूप मानतात, मेलेल्या वानराला हळदकुंकू वाहतात, खांद्यावरून नेऊन पुरतात. ही श्रद्धा मनापासूनची आहे आणि तिचा मान राखूनच सांगायला हवे, की माकडतापाच्या टापूत त्या देहाला हात लावणे म्हणजे गोचीड अंगावर घेणे. अंत्यविधी आरोग्य आणि वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी हातमोजे घालून करावा, गावाने लांबून नमस्कार करावा.

काजूचा हंगाम पुन्हा येईल. बागायतदारांनी मजुरांना रोजाबरोबर डेपा तेलाची बाटलीही द्यावी, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मागून घ्यावी. ताप आलेल्या माणसाने डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांगावे, की मी गेल्या पंधरवड्यात रानात किंवा काजूच्या बागेत गेलो होतो. आणि रानात कुठेही मेलेले माकड दिसले, तर हात न लावता त्याच दिवशी आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला जागेसकट कळवावे.