बिनतारी जाळ्याची राखण

(वज्रेश्वरी, ता. भिवंडी येथील ग्रामस्थ, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढील भाषणाचा मजकूर)



वज्रेश्वरीचे मंदिर लांबून पाहिले तर देवळापेक्षा किल्लाच अधिक वाटतो. चढून जाण्यास बावन्न दगडी पायऱ्या, वर नगारखाना आणि सभोवार भक्कम तट. वसईच्या मोहिमेच्या वेळी चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला व १७३९ मध्ये वसईचा किल्ला सर झाल्यावर तो फेडला, असे परंपरा सांगते. त्या काळी संरक्षणाची कल्पना साधी होती. तट जेथे संपे तेथे हद्द संपे, आणि दरवाजा लावून घेतला की परका बाहेर राही. आजचा विषय मात्र अशा एका वस्तूविषयी आहे, की जिला भिंत आणि दरवाजा यांचा अर्थच कळत नाही.

ती वस्तू म्हणजे घरोघरी भिंतीवर टांगलेली, हिरवे दिवे लुकलुकणारी लहानशी पेटी. तिला राउटर म्हणतात. काचतंतूच्या तारेतून घरात आलेले इंटरनेट ही पेटी बिनतारी लहरींच्या द्वारे घरभर पसरविते. यालाच आपण वाय-फाय म्हणतो. या लहरींपैकी सर्वाधिक वापरात असलेल्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. विटांची भिंत, लाकडी दार आणि कौलारू छप्पर ओलांडून ती सहज बाहेर जाते. लोखंडी सळयांच्या काँक्रीटमध्ये ती बरीच क्षीण होते, तरी खिडक्या असतातच. म्हणजे घरमालकाने पैसे मोजून घेतलेली जोडणी अंगणात, रस्त्यावर आणि शेजारच्या ओट्यावरही पोचलेली असते. तिला कुलूप नसेल, तर ओट्यावर बसलेला कोणीही ती वापरू शकतो आणि घरातल्या माणसास त्याची गंधवार्ताही लागत नाही.

शेजाऱ्याने दोन चित्रफिती पाहिल्या तर बिघडले कोठे, असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडे तहानलेल्याला पाणी नाकारीत नाहीत. मग इंटरनेट का नाकारावे? हा प्रश्न चांगुलपणातून येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावयास हवे. पाणी पिऊन गेलेला माणूस पुढे काय करतो त्याची नोंद आपल्या नावे होत नाही. इंटरनेटचे तसे नाही. सेवा देणारी कंपनी प्रत्येक जोडणीस एक अंकी पत्ता देते. घरातील दहा फोन आणि दोन संगणक बाहेरच्या जगाला त्या एकाच पत्त्याने दिसतात. अकरावा फोन परक्याचा असला तरी तोही त्याच पत्त्याने दिसतो. आता काही कंपन्या एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. तथापि त्यांच्या नोंदींवरून ग्राहकापर्यंत पोचता येते. परक्याने धाडलेले प्रत्येक पत्र, केलेली प्रत्येक फसवणूक घरमालकाच्या शिक्क्यानिशी बाहेर पडते.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. २६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबाद शहरात साखळी बॉम्बस्फोट झाले व ५६ जणांचा बळी गेला. स्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांना एक धमकीचे ई-मेल गेले होते. त्याचा अंकी पत्ता शोधीत पोलीस आपल्याच जिल्ह्यात, नवी मुंबईतील सानपाडा येथे आले. त्या घरात एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होते. त्यांची चौकशी झाली, संगणक तपासले गेले, जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचे नाव छापून आले. ई-मेल त्यांनी पाठविलेले नव्हते. त्यांच्या घरचे असुरक्षित वाय-फाय दुसऱ्याच कोणी वापरले होते, असे तपासात पुढे निष्पन्न झाले. त्याच वर्षी २३ ऑगस्टला माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतील स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायवरून असेच ई-मेल गेले. ज्यांनी हे केले त्यांना या जागांशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना फक्त कुलूप नसलेले किंवा कच्च्या कुलपाचे जाळे हवे होते. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्तोरस्ती फिरून उघडी जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराविषयी सेवा कंपन्यांना सूचना दिल्या, त्या याच प्रकरणामुळे.

सानपाड्याच्या त्या गृहस्थांचा दोष शेवटी ठरला नाही. पण दोष न ठरेपर्यंतचे दिवस त्यांनाच काढावे लागले.

आता कुलपाविषयी. राउटर लहरींवर जाणारा मजकूर कूटबद्ध करतो, म्हणजे किल्ली नसलेल्यास तो निरर्थक दिसतो. ही पद्धत कोणती, हे सेटिंगमध्ये निवडता येते. १९९७ मध्ये आलेली डब्ल्यूईपी ही पहिली पद्धत. तिच्यातील मूलभूत उणीव २००१ मध्येच उघड झाली. आज ती काही मिनिटांत मोडते, म्हणून ती असून नसल्यासारखी. २००४ पासूनची डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ या दोहोंपैकी एक असावी. नवी उपलब्ध असेल तर नवीच घ्यावी.

परंतु उत्तम कुलपाची किल्ली पायपुसण्याखाली ठेवली तर कुलपाचा काय उपयोग? येथे खरी मेख आहे. पुष्कळ घरांत परवलीचा शब्द म्हणून घरातील कोणाचा तरी मोबाइल क्रमांक ठेवलेला असतो. दहा आकडे पाहून तो फार अवघड वाटतो. पण हिशेब करून पाहावा. भारतीय मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतो. उरले नऊ आकडे. म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. डब्ल्यूपीए-२ मध्ये आपला फोन राउटरशी जोडला जात असताना होणारी देवाणघेवाण कोणी टिपून घेतली, तर त्यास दारात बसून राहावे लागत नाही. घरी जाऊन यंत्राकडून एकेक शब्द पडताळता येतो. चित्रखेळांसाठी विकले जाणारे शक्तिशाली यंत्र सेकंदास काही लाख शब्द पडताळते. सेकंदास चार लाख धरले, तर चारशे कोटींस दहा हजार सेकंद, म्हणजे तीन तासही लागत नाहीत. आणि शेजाऱ्याला तर तो क्रमांक आधीच ठाऊक असतो!

याउलट नित्याच्या दोन हजार मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या कराव्या, त्यांतून डोळे मिटून पाच काढाव्या आणि ते शब्द रोमन अक्षरांत सलग लिहावे. उंबरठा, ताक, होडी, पंचांग, विळी, असे काहीतरी निघेल. (हेच पाच मात्र आता कोणी घेऊ नयेत.) दोन हजार शब्दांतून पाच काढण्याचे प्रकार इतके, की त्याच वेगाने सर्व पडताळण्यास अडीच हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. असा शब्दसमूह आजीलाही पाठ होतो आणि नातवालाही लिहिता येतो. शिक्षकांनी हा हिशेब आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर अवश्य करून दाखवावा. घातांकाचा धडा मुलांना एरवी रुक्ष वाटतो.

दुसरी किल्ली बहुतेकांना ठाऊकच नसते. वाय-फायचा शब्द वेगळा आणि खुद्द राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा शब्द वेगळा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा पेटीखाली छापलेला पत्ता लिहिला की ते पान उघडते, आणि जुन्या पेट्यांत नाव व परवलीचा शब्द दोन्ही ठिकाणी ‘ॲडमिन’ हाच शब्द चालतो. जाळ्यात शिरलेल्या परक्याने हे पान उघडले, तर तो बँकेचे नाव लिहिणाऱ्या घरच्या माणसास भलत्याच स्थळी नेण्याची व्यवस्था करू शकतो. ब्राउझर अशा वेळी बहुधा धोक्याची सूचना देतो. पण सूचना न वाचता पुढे जाण्याची सवय आपल्या सर्वांनाच आहे. पेटी बसविण्यास आलेल्या कारागिराकडून हा शब्द त्याच वेळी बदलून घ्यावा. डब्ल्यूपीएस नावाची, बटण दाबून किंवा आठ अंकी क्रमांकाने जोडणी करण्याची सोयही बंद करावी. तो क्रमांक दोन तुकड्यांत तपासला जातो व शेवटचा अंक केवळ पडताळ्याचा असतो, यामुळे दहा कोटींऐवजी अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्ये दिसून आले. जाळ्याचे नाव लपविणे किंवा ठरावीक यंत्रांनाच प्रवेश देणे, असेही उपाय सुचविले जातात. त्यांचा उपयोग थोडा आणि खटाटोप फार.

आता वज्रेश्वरीचा खास प्रश्न. येथे आणि जवळच्या अकलोली-गणेशपुरीस देवदर्शनासाठी व गरम पाण्याच्या कुंडांसाठी लोक सतत येतात, राहतात, जातात. खोली घेतली की पाण्याखालोखाल चौकशी होते ती वाय-फायच्या शब्दाची. तो सांगितला जातो, किंवा गल्ल्याजवळ कागदावर चिकटविलेलाच असतो. पाहुणा दोन दिवसांनी जातो. शब्द त्याच्या फोनमध्ये राहतो. यास्तव पाहुण्यांना शब्द देऊच नये असे नाही. बहुतेक नव्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे चालू करण्याची सोय असते. त्यावरून इंटरनेट मिळते, पण घरचा संगणक, हिशेब किंवा कॅमेरा दिसत नाही. त्याचा शब्द वरचेवर बदलावा. घरचा तसाच राहू द्यावा. मात्र पाहुण्यांचे जाळेदेखील बाहेरून त्याच अंकी पत्त्याने दिसते. तेव्हा कोण, कधी राहिले याची वही लॉजवाल्यांनी नीट ठेवावी. ती एरवीही ठेवावीच लागते.

ज्यांना खरोखरच गावासाठी इंटरनेट खुले करावयाचे आहे, त्यांच्यासाठी सरळ मार्ग आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेखाली किराणा दुकानदार किंवा चहावालादेखील परवाना शुल्क न भरता सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. त्यात वापरणाऱ्याची ओळख आधी पटविली जाते. दुकानदाराच्या नावावर अनोळखी माणसाचा भार येत नाही. ग्रामपंचायतींनी याचा विचार करावा. भारतनेटच्या तारेने आलेली पंचायत कार्यालयाची जोडणी खिडकीबाहेर बसणाऱ्या तरुणांना तोंडी शब्द सांगून वाटणे, हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याच जोडणीवर दाखले निघतात आणि कराच्या नोंदी चालतात.

परवानगीवाचून दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र प्रकार आहे. ते कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असेल, तर कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शेजारच्या मुलाने गंमत म्हणून शब्द शोधून काढला, तर त्याला प्रथम समज द्यावी; ठाण्यात धावण्याची घाई नको. पण पैशांची फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वीचा वेळच महत्त्वाचा असतो.

राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. महिन्यातून एकदा ती पाहावी. नवे फोन आपला यंत्रक्रमांक बदलून दाखवितात, त्यामुळे एखादे अपरिचित नाव घरातल्याच मुलाच्या फोनचे निघू शकते. आरोप करण्यापूर्वी घरात विचारावे. शंका राहिलीच तर शब्द बदलावा, की सर्व परके एकदम बाहेर पडतात. आणि पेटी जुनी झाल्यावर भंगारात देण्याआधी तिच्या मागच्या बारीक छिद्रात काडी घालून, आतील बटण दिवे बदलेपर्यंत दाबून धरावे, म्हणजे तिच्यात साठलेले आपले शब्द पुसले जातात.