साबणाचा छंद, उद्योगाची शिस्त आणि वालधुनीचे पाणी

घरगुती साबणनिर्मितीच्या छंदाला पर्यावरणपूरक लघुउद्योगाचे रूप द्यायचे असेल, तर वेष्टनावर ‘नैसर्गिक’ हा शब्द छापून भागत नाही; अशा उद्योगाची परीक्षा तराजूवर आणि मोरीच्या तोंडाशी होते. अंबरनाथच्या मोरिवलीत ही परीक्षा अधिकच कडक ठरते, कारण येथे रासायनिक कारखान्यांचा शेजार आहे आणि अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहत कल्याणजवळ उल्हास नदीला मिळणारी वालधुनी सांडपाण्याच्या भाराने आधीच वाकलेली आहे.

साबणात काय घालावे, हा प्रश्न महाराष्ट्राला जुना आहे. आर्देशीर गोदरेज यांच्या उद्योगाने 1918 च्या सुमारास प्राणिज चरबीऐवजी वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला, तेव्हा विचार कच्च्या मालाचा होता. आज त्याच्या जोडीला साबण करताना आणि वापरताना पाण्यात काय मिसळते, याचाही विचार करावा लागतो.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण व ग्लिसरीन तयार होण्याच्या क्रियेला साबणीकरण म्हणतात. एक किलो खोबरेल तेलाचे पूर्ण साबणीकरण होण्यास सुमारे 183 ग्रॅम कॉस्टिक लागतो. जाणकार त्यात पाच टक्के घट करून सुमारे 174 ग्रॅमच घेतात, जेणेकरून थोडे तेल शिल्लक राहते आणि त्वचेला दाह होत नाही. प्रत्येक तेलाचे हे प्रमाण वेगळे असल्यामुळे छंदातील अंदाज उद्योगात चालत नाही. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालावा, त्यावर पाणी कधीही ओतू नये, आणि ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, या नियमांना अपवाद नाही.

थंड पद्धतीत, म्हणजे मिश्रण न उकळता केलेल्या साबणात, ग्लिसरीन वडीतच राहते आणि मीठ घालून साबण वेगळा करताना उरणारे क्षारयुक्त पाणी निर्माणच होत नाही; वड्या मात्र चार ते सहा आठवडे वाळवाव्या लागतात. माखलेली भांडी तशीच दिवसभर ठेवली, तर त्यांवरील मिश्रणाचाही साबण होतो आणि तो पुसून घेतल्यावर मोरीत फारच थोडे जाते. साबणाचे विघटन होते हे खरे, परंतु ते करणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. म्हणून विघटनशील म्हणजे निरुपद्रवी असे समजणे चूक आहे.

विक्रीसाठी अंगाचा साबण करणे हे सौंदर्यप्रसाधनाचे उत्पादन ठरते आणि 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार त्यासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्या नियमांत जागेच्या स्वच्छतेची आणि पात्र तांत्रिक कर्मचाऱ्याच्या देखरेखीची अट आहे. ही अट अडथळा वाटली, तरी ग्राहकाच्या त्वचेचे रक्षण तीच करते. परवान्यापूर्वीची विक्री मैत्रीच्या नावाखालीही समर्थनीय नाही.

कापडी किंवा कागदी वेष्टन, जवळच्या तेलघाण्यावरचे तेल आणि प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी केलेल्या मिश्रणाची, वहीत नोंद, एवढ्या साधनांनी हा उद्योग लहान राहूनही प्रतिष्ठित होऊ शकतो. अंबरनाथचे शिवमंदिर 1060 पासून वालधुनीच्या काठी उभे आहे. मोरिवलीत साबण करू पाहणाऱ्या प्रत्येकाने पहिली वडी विकण्याआधी आपल्या मोरीचे पाणी त्याच नदीच्या वाट्याला येणार आहे, हे ध्यानात ठेवावे.