पार्किंगमधली एफसी

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात आपल्याच पार्किंगमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललेलं जसंच्या तसं ठेवलं आहे, फक्त मध्येच आलेली पाण्याच्या टँकरची सूचना गाळली आहे.)



माझ्या आधी बोललेल्यांनी सोसायटीचा इतिहास सांगितला. बोअर कधी मारली, लिफ्टचं भांडण कसं मिटलं, सगळं आलं त्यात. मला सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही त्या गाडीवर बोला. सहा वर्षं लोक विचारतायत, एकदाचं सगळ्यांना सांगून टाका." म्हणून बोलतो. ज्यांनी गेल्या सहा वर्षांत वार्षिक सभेत त्या गाडीविरुद्ध हात वर केला होता, त्यांनी तर जरूर ऐकावं.

बी विंगच्या जिन्यामागे निळ्या ताडपत्रीखाली जे होतं, त्याला मुलं 'चपट्या तोंडाची बस' म्हणायची. ती बस नव्हे. ती महिंद्राची एफसी. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. चारही चाकं ओढणारा पिकअप. नाक नाही, बॉनेट नाही. ड्रायव्हर अगदी पुढे बसतो आणि इंजिन त्याच्या मांडीला मांडी लावून, दोन सीटच्या मध्ये, एका पत्र्याच्या झाकणाखाली. सोलापूरच्या मे महिन्यात त्या झाकणाशेजारी बसून मोहोळपर्यंत जाऊन आलेला माणूस पुन्हा कधी उन्हाची तक्रार करत नाही.

ही गाडी आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. १९४५ साली मुंबईत महिंद्रा अँड महंमद नावाची कंपनी निघाली, पोलादाच्या व्यापाराची. फाळणीनंतर त्यातले गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं आणि त्याच सुमारास माझगावला अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात झाली. विलीजचा कारखाना ओहायो राज्यात टोलेडो गावी. तिथे १९४७ पासून चारचाकी ओढीचा पिकअप बनायचा, आणि १९५६ च्या अखेरीस त्यांनी हे बिननाकाचं मॉडेल काढलं. कल्पना साधी होती. जीपचीच लांबी, पण इंजिन केबिनमध्ये घेतलं की मागे मालाला हौदा मोठा मिळतो. तिकडे १९६५ ला हे मॉडेल बंद पडलं. आपल्याकडे मात्र त्यानंतरही बरीच वर्षं ते बनत राहिलं. आपण जुनी वस्तू लवकर टाकत नाही, हे आपल्या माळ्यांकडे बघूनही कळतं.

आमची १९७४ च्या नोंदणीची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती सरकारी लिलावात घेतली. आमचा चादरींचा धंदा. पूर्व भागातल्या मागांवरून चादरी नि टॉवेलचे गठ्ठे उचलायचे, आपल्या जुन्या वाड्यात आणून बांधायचे आणि ट्रान्सपोर्टला पोचवायचे. हा वाडा म्हणजे आज आपण बसलोय तीच जागा. शुक्रवार पेठेच्या बोळात ती गाडी वळायची कारण तिची लांबी कमी. आणि पावसाळ्यात अण्णा शेतावर जायचे. आपली काळी माती भिजली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चपलेला एक किलो चिकटते, बैल बसतात, ट्रॅक्टर रुततो. अण्णा पुढच्या चाकांची दांडी टाकायचे, मग लो ची, आणि गाडी मुंगीसारखी, पण न थांबता बांध ओलांडायची. लो मध्ये चाकाला जवळजवळ अडीच पट जोर मिळतो, त्याबदल्यात वेग तेवढाच कमी होतो.

१९९८ नंतर धंदा उतरला, टेम्पो आले, वाडा पाडला, सोसायटी उभी राहिली. गाडी जिन्यामागे गेली. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा अण्णा ७८ वर्षांचे होते. ते एवढंच म्हणाले, "एकदा तिच्यात बसून शेतावर जायचंय." बाकी काही बोलले नाहीत.

पहिला धक्का ताडपत्री काढल्यावर. रंग बरा वाटला, पण स्क्रू ड्रायव्हर टेकवला की पापडासारखा आत जायचा. हौद्याचा तळ, पायाखालचा पत्रा, दाराच्या खालच्या कडा, सगळं गेलेलं. चॅसी मात्र ठोकून बघितली तर घंटेसारखी वाजली. मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी एक तडा होता, तेवढाच. जुन्या गाडीत हे पहिलं बघायचं. पत्रा नवा घालता येतो, इंजिन उघडता येतं. चॅसी गेली असेल तर ताडपत्री परत घालावी.

मग उस्ताद शोधला. अक्कलकोट रोडकडे एक वयस्कर उस्ताद आहेत, जीपवर हयात गेलेली. आले, झाकण उचललं, आत डोकावले आणि म्हणाले, "काय करलालाव मालक? ह्ये इंजिन काढा, डिझेल बसवा. समद्यांनी तेच केलंय." खरंच, पंजाब-हरियाणात डबवालीला जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन टाकून देण्याचा मोठा धंदाच आहे. खर्चही कमी येतो. माझं पेट्रोल इंजिन लिटरला सात-आठच्या पुढे जात नव्हतं.

इथे दोन महिने अडकलो, कारण प्रश्न नुसता इंजिनाचा नव्हता. तो कागदाचाही होता. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी हवी. दुसऱ्या बाजूला, २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम आणला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरं असलेली खास नंबर प्लेट मिळते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. आमची गाडी २०२४ ला पन्नाशीला पोचणार होती. डिझेल बसवलं असतं तर ती वाट कायमची बंद. म्हणून ठरवलं, इंजिन तेच. उस्ताद दोन दिवस बोलले नाहीत.

हे इंजिन समजून घेण्यासारखं आहे. चार सिलिंडर, २.२ लिटर, सत्तर-पंच्याहत्तर अश्वशक्ती. आज तेवढी ताकद लहान मोटारीतही असते. पण सिलिंडरचा व्यास ७९ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल १११. अरुंद आणि उंच. त्यामुळे ते पळत नाही, पण हळू फिरत असतानाच ओढतं, आणि चिखलात तेच लागतं. आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी मजेदार रचना. त्यामुळे नुसतं हेड उतरवून व्हॉल्व्हचं काम पुरं होत नाही, बाजूची झाकणंही उघडावी लागतात. आणि एफसीत ती झाकणं केबिनच्या आत, गुडघ्यांवर बसून, टॉर्च दातात धरून. बोअरिंगसाठी ब्लॉक एका वर्कशॉपला दिला होता. आठ दिवस म्हणाले, चार महिने ठेवला. परत आला तेव्हा आत पाल होती. जाऊ द्या.

त्या चार महिन्यांत घरी जे करता येतं ते केलं. मला लोक विचारतात घरी कसं केलं. उत्तर असं की घरी ऐंशी टक्के काम घासणं आणि धुणं असतं. प्रत्येक नट डिझेलमध्ये भिजत घालायचा. जाम नटावर जोर लावायचा नाही, रात्रभर तेल मुरू द्यायचं, सकाळी आधी थोडा घट्ट करायचा, मग सोडायचा. एक वही होती. काढलेला प्रत्येक भाग कुठून काढला, कोणता वायसर आधी, ते चित्रासकट. चित्रं ए-३०४ मधल्या मुलीने काढली, तेव्हा ती आठवीत होती. आज ती मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. त्यात माझं श्रेय काही नाही, पण वही तिने मागून नेली आहे, हे नमूद करतो.

सुटे भाग? पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा ऑपेरा हाउस भाग आणि दिल्लीचं काश्मीरी गेट. यांत्रिक भाग पुष्कळसे साध्या जीपचेच असल्यामुळे मिळतात. एफसीचे खास भाग, म्हणजे पुढची काच, दारं, केबिनचा पत्रा, हे मिळत नाहीत. पायाखालचा पत्रा साखर पेठेतल्या एका पत्रेवाल्याने कागदाचा साचा कापून हाताने ठोकून दिला. कुलर बनवणारा माणूस तो. त्याने केलेली कड अशी बसली की उस्ताद पहिल्यांदा हसले.

आता सुधारणा. मूळ रूप राखायचं म्हणजे जुने धोकेही राखायचे, असं माझं मत नाही. ब्रेकचं घ्या. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, एकच लाइन. आपल्या दोन्ही विंगना टाकीतून एकच पाइप असता आणि तो तळमजल्यावर फुटला असता, तर कुणालाच पाणी मिळालं नसतं. तसंच इथे. एका चाकाची नळी फुटली की पायाखाली काहीच उरत नाही. म्हणून दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला, पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. चॅसीला एकही नवं भोक पाडलं नाही. सीटबेल्ट बसवले. डायनामोच्या जागी अल्टरनेटर लावला, कारण दिवे लावून हळू चाललं की बॅटरी बसायची. डायनामो मात्र जपून ठेवला आहे, आमच्या बाथरूमच्या माळ्यावर. घरातून त्याविषयी वेगळं भाषण ऐकायला मिळतं.

उन्हाचं दुखणं निराळं. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते. ४२-४३ अंशात नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ चघळत बसतो. गाडी चौकात बंद. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे, अण्णांच्या सीटखाली ते फडकं कायम असायचं. आम्ही नळी दूरून फिरवली, मध्ये पत्र्याचा आडोसा दिला, रेडिएटरची जाळी नवी भरून घेतली.

आणि एक नवीन दुखणं आपल्या जिल्ह्याचंच. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. उसाचं. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती, ते तुम्हाला सांगायला नको. शेतकऱ्याचं भलं होत असेल तर आनंदच आहे, पण ते इथेनॉल पन्नास वर्षांपूर्वीचं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पंपाचा पडदा दोनदा फाटला. मग सगळ्या नळ्या आणि पडदा इथेनॉलला टिकणारा घातला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवतो.

आता सोसायटीचं. २०२१ च्या वार्षिक सभेत ठराव आला होता की गाडी तीस दिवसांत हलवावी, नाहीतर भंगारात द्यावी. तक्रारी खोट्या नव्हत्या. तेल गळत होतं, ठोकठोक होत होती, जागा अडली होती. एका गृहस्थांनी विचारलं, "एका माणसाच्या हौसेपायी चाळीस कुटुंबांनी का सोसायचं?" प्रश्न रास्त होता, आणि आजही आहे. शेवटी जे ठरलं ते मिनिट बुकात आहे: काम फक्त रविवारी दहा ते एक आणि चार ते सहा, खाली ट्रे, फवाऱ्याचा रंग आवारात नाही, आणि दुसऱ्या गाडीच्या पार्किंगचे पैसे दरमहा. चारही अटी आजपर्यंत पाळल्या. दुपारी एक ते चार झोपणाऱ्यांनी हे मान्य करावं.

शेवटचा निर्णय गेल्या वर्षी झाला आणि त्यावर घरात बरंच बोलणं झालं. गाडी पन्नाशीची झाली, मूळ इंजिन, मूळ चॅसी. 'व्हीए' नंबरसाठी अर्ज करता आला असता. मुलगा म्हणाला, करा, मान वाढेल, किंमत वाढेल. पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही आणि धंद्यासाठी तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. शेतावर कडब्याच्या पेंढ्या घेऊन जाणं त्यात बसत नाही. मी अण्णांना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. ते म्हणाले, "पाच माणसांनी बघायला ठेवायची तर तेवढ्यासाठी दुरुस्त कशाला केलास? फोटो होता की."

म्हणून जुनाच नंबर ठेवला. मालवाहू नोंदणी आहे, आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. थकलेला कर भरला, तपासणीला नेली, पास झाली. तिथल्या रांगेत मागे उभ्या टेम्पोवाल्याने विचारलं, "काका, ही कंपनीने आत्ता काढली का?"

आषाढात पाऊस झाल्यावर अण्णांना घेऊन गेलो. वय ८४. चढताना दोघांनी धरलं. बांधापाशी गाडी रुतली तेव्हा मी दांडीला हात घातला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि दोन्ही दांड्या स्वतः टाकल्या. पेट्रोल किती जळलं ते त्या दिवशी मोजलं नाही.

अजून हौद्याची मागची फळी रंगवायची आहे, आणि पुढच्या डाव्या चाकाचं तेलाचं सील थोडं झिरपतं. तोवर ट्रे खाली राहील, सेक्रेटरींनी नोंद घ्यावी. उद्या मंडपाच्या खुर्च्या परत पोचवायला कुणी टेम्पो ठरवू नये. सकाळी नऊला गाडी गेटपाशी आणतो, चढवायला चार पोरं पाठवा.