विजयदुर्ग : गाव, किल्ला आणि एक चूक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या पालकवर्गात देवगड, राजापूर, मालवणकडची घरे पुष्कळ आहेत. मे महिना आला की वर्ग अर्धा गावाला जातो. म्हणून मी आज त्याच किनाऱ्यावरच्या विजयदुर्गाविषयी बोलणार आहे.

वाघोटन खाडीच्या मुखाशी जमिनीचे एक टोक समुद्रात शिरले आहे. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूने गाव. टोकावर किल्ला. याचे जुने नाव घेरिया. तटबंदी तिहेरी आहे. पश्चिमेकडे पाण्याखालीही दगडी भिंत सापडली आहे. गावापासून थोड्या अंतरावर खाडीत आंग्र्यांची गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचे, ओहोटीला ते कोरडे पडले की डागडुजी करायची. परदेशी आरमाराशी टक्कर घेणाऱ्यांचे हे कारखाने होते. पाठ्यपुस्तकात लढाया भरपूर असतात, सुतार-लोहारांची ही बाजू फारशी नसते, ही माझी जुनी तक्रार आहे.

इंग्रजांनी १७१७ व १७२० साली आणि डचांनी १७२४ साली येथे हल्ले केले, सर्व फसले. मग १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह आले. या वेळी पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून इंग्रजांच्या मदतीला होते. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेले ‘रिस्टोरेशन’ जहाज पेटले, त्याची आग शेजारच्या गलबतांना लागली, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तुळाजीशी वैर होते हे खरे, पण त्यासाठी परक्याच्या हातून मराठ्यांचेच आरमार जाळून घेतले गेले, हे मला आजही पटत नाही. किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पुढे बाणकोट घेऊन त्यांनी हा किल्ला पेशव्यांना दिला. आनंदराव धुळपांनी येथूनच पेशव्यांचे आरमार चालवले. आरमाराची गोष्ट निघालीच आहे, तर मुलांनी दौलतखानाचे नावही ध्यानात ठेवावे. १६७९ साली खांदेरीच्या लढाईत शिवाजी महाराजांच्या आरमाराचे नेतृत्व त्याच्याकडे होते.

आता चुकीकडे येतो. ती माझी आहे.

किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दगडी चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने येथून हेलियम शोधला, असे सर्वत्र सांगतात. मीही वर्गात कित्येक वर्षे तेच शिकवले, वर अभिमानाने दोन वाक्ये जास्त. एकदा आठवीतल्या मुलीने विचारले, “सर, लॉकियर तेव्हा हिंदुस्थानात आला होता का?” मला उत्तर देता आले नाही. वाचून पाहिले. १८६८ चे ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जॅन्सनने गुंटूरहून पाहिले. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्याने तिथूनच सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यातली पिवळी रेषा टिपली. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओटे त्या मुक्कामाचे. तोपर्यंत रॅम्सेने १८९५ साली पृथ्वीवरही हेलियम मिळवला होता.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर जुनी तारीख लिहून खोडली आणि नवी लिहिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, मग विजयदुर्गाचे महत्त्व कमी झाले?” मी म्हटले, भर समुद्रकाठी, युद्धनौकेचे खलाशी मदतीला घेऊन, जगातला नावाजलेला शास्त्रज्ञ दोन मिनिटांच्या अंधारासाठी येथे येऊन राहिला, हे काय कमी आहे?

२०२० साली पावसात तटाचा काही भाग ढासळला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यांत विजयदुर्ग आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा ओहोटीची वेळ विचारून गोदी अवश्य पाहा. पुष्कळ लोक नुसता किल्ला पाहून परततात. आणि ओट्यांपाशी कोणी १८६८ सांगितले, तर भांडू नका, लॉकियर त्या वर्षी कुठे होता एवढेच विचारा. त्या मुलीने मला तेवढेच विचारले होते.