धावण्याची शिक्षा

आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांना मैदानाभोवती पाच फेऱ्या मारावयास लावण्याची पद्धत होती. ती कोणी सुरू केली हे मला ठाऊक नाही. मी शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा ती चालूच होती, आणि पुढे सोळा वर्षे आठवड्यातील माझ्या पाळीच्या दोन दिवशी मी ती निष्ठेने चालविली. प्रार्थना संपली की फाटकाशी उभे राहावयाचे, उशीर झालेल्यांची नावे वहीत टिपावयाची, दप्तरे भिंतीशी ठेवावयास सांगावयाचे आणि मैदानाकडे बोट दाखवावयाचे, एवढेच माझे काम. मुले धावत असत तेव्हा मी सावलीत उभा असे. आज मला माझ्या पहिल्या मॅरेथॉनविषयी सांगावयाचे आहे; परंतु तिचा आरंभ त्या फाटकाशी होतो, म्हणून तेथूनच सुरुवात केली.

२०२२ च्या जून महिन्यात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, माझ्या रक्तातील साखर मर्यादेच्या काठावर आली आहे असे तपासणीत आढळले. डॉक्टरांनी रोज तासभर चालण्यास सांगितले. चालण्याचा मला लवकरच कंटाळा आला. एके दिवशी सायंकाळी शाळा सुटून मैदान रिकामे झाले होते. मनात आले, एक फेरी धावून पाहावी. आमच्या मैदानाची फेरी साडेतीनशे मीटरांची आहे. त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात आंब्याचे जुने झाड आहे. तेथपर्यंत मी कसाबसा पोहोचलो आणि बुंध्याला टेकून उभा राहिलो. छाती भात्यासारखी चालली होती आणि तोंडाला रक्ताची चव आली होती. एक फेरीदेखील पुरी झाली नव्हती. ज्या मुलांना मी पाच फेऱ्या सांगत असे, त्यांतील पुष्कळांनी सकाळी चहापलीकडे काही घेतलेले नसे, हे मला माहीत होते. पण ते त्या झाडाखाली प्रथमच जाणवले.

तरीही फेऱ्यांची शिक्षा मी लगेच बंद केली असे मात्र नाही. माणसाचा स्वतःचा अनुभव आणि त्याचा अधिकार यांची गाठ इतक्या सहज पडत नाही.

मी बेळगावचा. लांब पल्ल्याच्या धावण्याची थोडी माहिती काढू लागलो तेव्हा कळले की या विषयात आमच्या गावाचे नाव फार जुने आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहिली. पायांत बूट नाहीत, शास्त्रशुद्ध शिक्षण नाही, तरी त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तुलनेत फारशा मागे नव्हत्या. त्यातून पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकसाठी खेळाडू पाठविण्याची खटपट झाली, आणि त्या संघात बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले हा तरुण होता. त्या वर्षी मॅरेथॉनचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरांचा होता. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. शाळेत मी इतिहास शिकवितो आणि प्राचीन ग्रीसचा धडा येतो तेव्हा मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची वार्ता घेऊन धावत आलेल्या दूताची कथा मुलांना रंगवून सांगतो. ती कथा पुष्कळ नंतरच्या लेखकांची आहे; हिरोडोटसने लिहिले आहे ते अथेन्सहून स्पार्टाकडे मदतीसाठी धावलेल्या दूताविषयी. असो. त्या ग्रीक दूताचे नाव माझ्या सर्व विद्यार्थ्यांना पाठ आहे, आणि आपल्याच गावच्या चौगुल्याचे नाव मी सोळा वर्षांत एकदाही वर्गात उच्चारले नव्हते.

एका फेरीवरून बेचाळीस किलोमीटरांवर जाण्यास मला दीड वर्ष लागले. या काळात मी जे शिकलो ते बहुतेक सावकाशपणाविषयी होते. नवशिक्याची मोठी चूक म्हणजे वेगाने धावणे. मंद गतीने पुष्कळ वेळ धावल्याने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, चरबीचे इंधन वापरण्याची शरीराची शक्ती वाढते, आणि हे काम घाईने होत नाही. धावताना सोबत्याशी बोलता यावे इतकीच गती असावी, असा एक सोपा नियम आहे. पहाटे चार वाजता मला सोबती कोठला? म्हणून मी मोठ्याने जपमाळ म्हणू लागलो. दम लागून प्रार्थना तुटली की गती जास्त झाली असे समजावयाचे. एक पूर्ण जपमाळ म्हणजे सुमारे पावणेतीन किलोमीटर, असे माझे मापच ठरून गेले. कॅम्पातील निजलेल्या बंगल्यांच्या कुत्र्यांना प्रारंभी हा प्रकार मुळीच पसंत नव्हता.

रविवार लांब धावण्याचा. आठच्या मिस्सेला देवळात पोहोचावयाचे, म्हणून पहाटे लवकर बाहेर पडणे भाग असे. आमचा पाऊस श्रोत्यांना परिचित आहेच. जून ते सप्टेंबर बूट कधी पुरते वाळले नाहीत. त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते चुलीजवळ ठेवावे लागत, आणि त्यावरून घरात जे बोलणे होई ते येथे सांगण्याजोगे नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत मी एक अर्धमॅरेथॉन पुरी केली. तिच्या वेळेच्या दाखल्यावर पुढे मुंबईच्या मॅरेथॉनला प्रवेश मिळाला. त्या उत्साहात जुलैत अंतर एकदम वाढविले आणि उजव्या नडगीत अशी कळ निघाली की तीन आठवडे धावणे बंद. आठवड्याचे अंतर मागच्या आठवड्याच्या दशांशापेक्षा अधिक वाढवू नये, असे जाणते लोक सांगतात. मी ते वाचले होते आणि वहीत उतरवूनही घेतले होते.

आता त्या मुलाविषयी सांगतो. ऑगस्टचा महिना, सकाळचे पावणेपाच, पाऊस नुकताच थांबलेला. शहरातील एका चौकात दुकानाच्या पायरीवर दिव्याखाली काही मुले वर्तमानपत्रांच्या पुरवण्या अंकांत घालीत बसली होती. त्यांतील एक एकदम उठून उभा राहिला. तो आमच्या नववीच्या वर्गातला मुलगा होता. माझ्या वहीत ज्याचे नाव सर्वांत अधिक वेळा असे, तोच. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला. हातातले अंक खाली ठेवून तो म्हणाला, “सर, आज मी वेळेवर येतो.”

मी त्याला धरावयास आलो आहे असेच त्याला वाटले. अर्ध्या चड्डीत, घामाने निथळत, पहाटेच्या अंधारात उभ्या असलेल्या शिक्षकाविषयी त्या मुलाची ही कल्पना व्हावी, यात त्याचा काय दोष?

मी विचारले तेव्हा त्याने सांगितले. रोज तो शंभरावर घरी अंक टाकतो. अंकांची गाडी वेळेवर आली तर सर्व ठीक. पावसाने गाडी अडकली की पुढचे सर्वच लांबते, आणि अंक टाकल्याशिवाय शाळेत जाता येत नाही. हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितले की तक्रारीचा सूर शोधूनही सापडला नसता. मी “बरं, जा” म्हणालो आणि धावू लागलो. त्या क्षणी त्याची क्षमा मागावयास हवी होती. मी मागितली नाही. शिक्षकाला ते जड जाते.

त्या दिवशी मोकळ्या तासाला मी उशिराची वही उघडली. माझ्या अक्षरात त्याचे नाव सव्वीस वेळा होते. सव्वीस वेळा पाच फेऱ्या, फेरी साडेतीनशे मीटरांची: साडेपंचेचाळीस किलोमीटर. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. ज्यासाठी मी बूट घेतले, पुस्तके वाचली, नडगी दुखवून घेतली, ते अंतर हा मुलगा माझ्या आज्ञेवरून, दोन तास सायकल मारून आल्यावर, चपला घालून तोडून चुकला होता. त्या आठवड्यापासून माझ्या पाळीला फेऱ्या बंद झाल्या. उशिराचे कारण विचारावयाचे आणि वर्गात पाठवावयाचे, असे मी सुरू केले. इतर पाळ्यांत फेऱ्या काही काळ चालूच राहिल्या. सहकाऱ्यांशी मी बोललो. काहींना पटले, काहींना मी धावण्याच्या छंदाने मऊ झालो असे वाटले.

डिसेंबरच्या अखेरीस सर्वांत लांबची धाव झाली, बत्तीस किलोमीटरांची. हिंडलगा, सुळगा, बाची करीत वेंगुर्ल्याच्या रस्त्याने शिनोळीपर्यंत जाऊन परत. शिनोळीत पाऊल पडले की राज्य बदलते. नकाशावरील ही रेघ आमच्या भागातील माणसांच्या आयुष्यात किती मोठी आहे हे या श्रोत्यांना सांगावयास नको. पायांना मात्र ती कोठे लागली नाही. त्यानंतरचे तीन आठवडे अंतर कमी करीत न्यावयाचे असते, आणि हेच सर्वांत अवघड. धावण्याची सवय लागलेल्या माणसाला विश्रांती म्हणजे आळस वाटू लागतो.

२१ जानेवारी २०२४. शनिवारी संध्याकाळीच रविवारची मिस्सा ऐकून घेतली आणि पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी हजारो माणसांत जाऊन उभा राहिलो. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीचा दृष्टान्त आहे. त्यात पारितोषिक एकालाच मिळते. त्या दिवशीचे पारितोषिक इथिओपियाच्या हायले लेमीने २ तास ७ मिनिटे ५० सेकंदांत नेले. आमच्यासारख्यांचा प्रश्न निराळाच होता: शेवटपर्यंत पोहोचावयाचे की नाही?

पहिले वीस किलोमीटर सुखाचे गेले. अंधारात मरीन ड्राइव्ह, मग हाजी अली, वरळी, आणि सागरी सेतूवर उजाडू लागले. पण आमच्या पठारावरील थंड हवेत तयार झालेल्या माणसाला समुद्रकाठच्या दमट हवेचा अंदाज नव्हता. घाम वाळेना. माहीमपर्यंत सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. कोणी संत्र्याच्या फोडी देत होते, कोणी मीठ, कोणी नुसत्याच टाळ्या. एका आजीबाईंनी माझ्या छातीवरील नाव वाचून मोठ्याने हाक मारली. अनोळखी माणसाच्या तोंडी आपले नाव ऐकून पायांत बळ येते, हे मला ठाऊक नव्हते. मी आजवर मुलांची नावे फाटकाशी निराळ्याच आवाजात वाचली होती.

यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली साखर साधारणपणे तीस किलोमीटरांच्या आसपास संपत येते. ही माहिती पुस्तकात वाचणे वेगळे. बत्तिसाव्या किलोमीटरनंतर माझे पाय माझे राहिले नाहीत. विचारही जड झाले. साधी वजाबाकी करता येईना. जपमाळ म्हणू लागलो तर दहाच्या मण्यांची गणती चुकू लागली. पुढे पेडर रोडचा चढ. जाताना तो फारसा जाणवला नव्हता. परतताना त्याच्या पायथ्याशी मी थांबलो आणि चालू लागलो. डोक्यावर ऊन आले होते. त्या चढावर मला आमच्या मैदानाचा तो कोपरा आठवत होता, आणि एकच हिशेब डोक्यात फिरत होता: पाच फेऱ्या, साडेतीनशे मीटर, सव्वीस वेळा. वजाबाकी जमत नव्हती, हा गुणाकार मात्र बिनचूक येत होता. उतार लागल्यावर पुन्हा धावू लागलो. मरीन ड्राइव्हवर आणखी एकदा चाललो. शेवटी ५ तास २१ मिनिटांत रेषा ओलांडली. चौगुल्यांना १९२० साली याहून लांब मार्गावर जवळजवळ निम्मा वेळ लागला होता.

मंगळवारी शाळेत गेलो ते जिने धरून धरून. वर्गाने पदक पाहण्याचा हट्ट धरला. ते बाकावरून बाकावर फिरले आणि शेवटच्या बाकावर त्या मुलाच्या हाती गेले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले. तास संपल्यावर मी त्याला थांबवून घेतले आणि जे ऑगस्टमध्ये म्हणावयास हवे होते ते म्हणालो. सव्वीस वेळांचा हिशेबही सांगितला. साडेपंचेचाळीस किलोमीटर झाले तुझे, माझ्याहून अधिक, असे म्हणालो. तो खाली मान घालून उभा होता. थोड्या वेळाने म्हणाला,

“नाही, सर. इतके नाही झाले.”

“का रे?”

“शेवटच्या फेरीला मी आंब्याच्या झाडामागे थांबायचो. तुम्ही तिकडे बघत नव्हता.”